ज्याच्या रानात बसायचं

आबा, त्या सकाळी तुम्ही मालकाच्या दारात का गेलात हे मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली. मधे मी कराडचा रस्ता सोडला, मुंबईची गोदी सोडली, समुद्र ओलांडून आखातातल्या या बेटावर आलो, आणि आज विमानतळावरनं परत येऊन गाडी सावलीला लावली तर पुन्हा तेच पुढ्यात येऊन बसलं. बोलायला दुसरं कुणी नाही. म्हणून ऑफिसातले चार कोरे कागद स्टेअरिंगवर ठेवून लिहितोय. अक्षर चौथीतलंच आहे, तिथनं पुढं गेलं नाही. तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं, ते एका अर्थी बरंच.

हे बेट आपल्या माणदेशासारखंच आहे. झाड नाही, पाऊस नाही, नुसतं ऊन आणि पांढरी माती. फरक एवढाच, की इथं माळ संपला की समुद्र लागतो. पहिल्या दिवशी बघून हसूच आलं. ज्या उन्हाला कंटाळून मेंढरं टाकून पळालो, त्याच उन्हात येऊन पडलो, ते पण एजंटाच्या हातापाया पडून. कराडला हमरस्त्यावर ट्रक धुवायला राहिलो होतो तवा तुम्ही मला शोधत आला होतात. धाब्यामागं हौदापाशी उभं राहून म्हणालात, "तुज्या पायाला भिंगरी हाय, त्येचं काय न्हाई. धनगराच्या पायाला ती असतीच. पन मेंढरामागनं फिरलं तर पोट भरतं, नुसतं फिरलं तर चपला झिजत्यात." मारलं नाही, ओढून नेलं नाही. खांद्यावरचं घोंगडं काढून माझ्या अंगावर टाकलंत आणि चालू लागलात. ते घोंगडं अजून आहे, आबा. या गाडीच्या मागच्या सीटवर असतं. साहेबांना गाडीतला गार वारा सोसायचा नाही. ते घोंगडं गुडघ्यावर घ्यायचे आणि दर खेपेला म्हणायचे, "टोचतंय रे लेका हे." मी म्हणायचो, "टोचतंय म्हणूनच झोप लागत न्हाई साहेब. मेंढरं राखाय बरं पडतं."

साहेब म्हणजे वकील. आपल्या सांगलीचे. हळदीच्या पेठेमागं त्यांचं घर, अजून नाकात हळद बसली आहे म्हणायचे. मी त्यांचा ड्रायव्हर झालो ते केवळ भाषेमुळं. ऑफिसच्या दारात दुसऱ्या एका ड्रायव्हरशी भांडताना माझ्या तोंडून काहीतरी आपल्याकडचं निघालं, ते जिन्यात थांबले आणि म्हणाले, "कुठला रे तू?" दुसऱ्या दिवसापासून गाडी माझ्याकडं. नाव कधी घेतलं नाही त्यांनी माझं. "काय माणदेशी, इथंही पाऊस नाही, घरच्यासारखं वाटत असेल ना?" हा त्यांचा रामराम. त्यांनी सांगलीच्या कोर्टात वकिली सुरू केली तवा पहिला दावा बांधाचा होता. दोन भाऊ, मधे नांगराच्या एका तासाएवढी, वीतभर रुंद जमीन, आणि साहेबांचं अशील खरं असून हरलं. मग मुंबई, मग विलायतेत जाऊन बँकांचा कायदा शिकले, आणि या बेटानं बाहेरच्या देशांतल्या बँकांना बोलवायला सुरुवात केली तेव्हा त्यांचे नियम लिहायला यांना आणलं. कुठल्या बँकेला लायसन द्यायचं, दिल्यावर ती नीट वागते का, हे बघायचं काम. "बांधापासून सुरुवात केली गड्या, आणि आता समुद्रात बांध घालतोय," असं म्हणून स्वतःच हसायचे. सांगलीहून त्यांच्या वहिनी डबा भरून भडंग पाठवायच्या. मागं बसून ते कागदावर भडंग घ्यायचे आणि लाल दिवा लागला की पुढं हात करून माझ्या ओंजळीत घालायचे. गाडीभर लसणाचा वास. या देशात त्या वासानं मला जितकं धरून ठेवलं तितकं पगारानं नाही.

एकदा मी विचारलं, "साहेब, हे ऑफशोअर ऑफशोअर म्हणता ते काय ओ? किनाऱ्यापल्याडचं म्हणता, मला वाटलं बोटीवरची बँक आसंल. पण ह्या तर रस्त्यावरच हायत, एसटी स्टँडासमोर असाव्यात तशा."

"बँक बेटावरच बसते," साहेब म्हणाले. "जागेचं भाडं देते, बेटाला लायसनची फी देते. पण देवाणघेवाण सगळी बाहेरच्यांशी. बेटावर राहणाऱ्या माणसाकडून ठेव घ्यायची नाही. ही पहिली अट."

"का?"

"कारण त्यांच्यावर आमची नजर इथल्या बँकांइतकी कडक नाही. बाहेरच्या बड्या कंपन्या आपलं आपण बघून घेतात, त्यांच्या दाराशी माझ्यासारखे वकील बसलेले असतात. इथल्या गरिबाचं बुडालं तर त्यानं कुणाकडं जायचं?"

मी गाडी चालवता चालवता म्हणालो, "म्हंजे मेंढरं बसवणं की ओ हे!" आणि त्यांना सांगितलं. दिवाळी झाली की आपण बिऱ्हाड घोड्यावर टाकून कृष्णाकाठाला कसे उतरायचो, मोकळ्या रानात रातभर मेंढरं बसवायची, लेंडीमुताचं खत मालकाच्या जमिनीला, बदल्यात आपल्याला धान्य. पण ज्याच्या रानात बसायचं त्याच्या पिकाला तोंड लावायचं नाही. तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "शेपटाकडचं ते मालकाचं, तोंड मातर आपल्या ताब्यात." साहेब इतके हसले की भडंग सगळं घोंगड्यात सांडलं. "अरे, मी हे सांगायला चाळीस पानं लिहिली!" तेव्हापासून आमच्यात तो शब्दच पडला. कुठल्या बँकेची तपासणी असली की उतरताना म्हणायचे, "थांब इथं. कुणी तोंड लावलंय का बघून येतो."

त्याच दिवशी मी त्यांना तुमची ती सकाळ सांगायला घेतली होती. कराडच्या खालचं रान, ऊस तुटून गेलेला. आपली मेंढरं बसलीत. दिस उगवायचा आहे, आणि तुम्ही वाघरीच्या कोपऱ्याशी ओणवे होऊन बघताय. रात्री मेंढरांभोवती लावायची ती जाळी एका खुंटाशी सुटली आहे. बांधापल्याड मालकाचाच हरभरा, त्याचे कडेचे शेंडे गेलेले. मेंढरं परत आत येऊन रवंथ करतायत, जसं काही झालंच नाही. आई चुलीपाशी आहे. ती दबक्या आवाजात म्हणते, "आवं, गप ऱ्हावा. हरभऱ्याचं शेंडं बाया भाजीला खुडत्यातच. कोन बगतंय?" आणि खरंच होतं, आबा. खुडल्यासारखंच दिसत होतं. शेंडा खुडला तर हरभरा उलट फुटवा धरतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्ही उठलात. पटका बांधलात आणि मालकाच्या वस्तीकडं निघालात. मी मागं.

मालक दात घासत होते. तुम्ही लांबूनच वाकलात. "मालक, रातच्याला वाघर सुटली. आमच्या मेंढरांनी तुमच्या हरभऱ्याला तोंड लावलं."

मालकांनी चूळ भरली. "कुनी बगितलं?"

"कुनी न्हाई."

"मग सांगाय का आलास रं?"

"तुमच्या रानात बसलोय म्हनून."

इथवर सांगितलं आणि ऑफिस आलं. साहेब दार उघडून उतरले, पुन्हा वाकून आत बघत म्हणाले, "भला माणूस रे तुझा बाप," आणि गेले. गोष्ट तिथंच राहिली. पुढं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. मालकांचा धाकटा भाऊ पलटणीतून सुट्टीवर आला होता, तो गोठ्यातनं बाहेर आला. तो काय म्हणाला ते माझ्या कानातनं अजून जात नाही. "आज सांगाय आलाय, म्हंजे आजवर न सांगता किती चारलं आसंल? दादा, इच्यार करा की! बोलबच्चन हाय ह्यो. चला, बिराड उचला, कूच करा!" मालक पंच्यानं तोंड पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले. तुमच्याकडं बघितलं नाही त्यांनी. तुम्ही आणखी एकदा वाकलात आणि फिरलात. दुपारच्या आत घोडी लादली. नदीकाठच्या गावांना बातमी आपल्या आधी पोचली, आणि जिथं जाल तिथं कुणी रान देईना. पुढच्या साली तुम्ही कुंभार्लीच्या घाटानं कोकणात उतरलात, मी ट्रकवर गेलो. दोन पावसाळ्यांच्या मधलीच गोष्ट. परत चढताना अवकाळीनं गाठलं, छातीत कफ भरला, आणि पाटणच्या अलीकडं एका अनोळखी माणसाच्या रानाच्या कडेला तुम्हाला माती दिली. मी तेव्हा बेळगावकडं होतो, मला उशिरा कळलं. आईनं वर दगडसुद्धा ठेवू दिला नाही म्हणे. "दुसऱ्याचं रान हाय. उद्या नांगराला लागंल."

आता साहेबांचं सांगतो. माझ्या खोलीत जतकडचा एक गवंडी आहे. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतो, आणि झोपेत दोन्हीत घोरतो. एके शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी बघितलं, साहेबांच्या देखरेखीखालच्या त्या बाहेरच्या बँकांपैकी निळ्या काचांची एक, तिचा माणूस आमच्या कँपात, म्हणजे कामगारांच्या वस्तीत, आलाय. हातात चामड्याची बॅग. गवंडी, सुतार, वेल्डर ओळीनं उभे. बहिणीच्या लग्नासाठी, घरासाठी, पगारातलं राखून त्याच्याकडं ठेवतात. घरी पाठवलं की खर्चून जातं म्हणून. गवंडी खुशीत होता, मोठ्या बँकेत आपलं खातं म्हणून. मला त्यात काही वाईट दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत सहज म्हणालो, "साहेब, तुमची ती निळ्या काचांची बँक आमच्या कँपात येती की. आमचा गवंडी पण सावकार झाला आता."

मागं कागदाचा आवाज थांबला. आरशात बघितलं तर साहेब माझ्याकडंच बघत होते. "कँपात? कामगारांकडनं घेते?" मग हातातले कागद मिटून, "म्हणजे तोंड लावलं म्हणतोस." या वेळी हसले नाहीत.

त्यांना एक तरी माणूस हवा होता, ज्यानं ठेव दिली आहे आणि जो तसं समोर येऊन सांगेल. मी गवंड्याला विचारलं. तो भांडं घासत होता, ते आपटून म्हणाला, "यप्पा! मी न्हाई. उद्या बँकेला टाळं लागलं तर माजं ठेवल्यालं कोन देनार, तुजा साहेब? आन् कंत्राटदारानं मला परत धाडलं, तर जतला कुठल्या भिंती बांधू? वाळूच्या? तू गाडीत गार वारं खातूस, तुला काय जातंय बोलायला." त्याच्या जागी मी असतो तर तेच बोललो असतो. ओळीतला दुसरा कुणीही कबूल झाला नाही. मी साहेबांना म्हणालो, मी सांगतो, मी डोळ्यांनी बघितलंय. ते म्हणाले, "तुझी ठेव आहे का तिथं? नाही. आणि तुझा इथला मुक्काम आमच्या खात्याच्या सहीवर. तू गप बस." तरी त्यांनी लिहिलंच. या बँकेनं अट मोडली आहे, खोल चौकशी करा आणि तोवर लायसन थांबवा, असं.

वरच्या साहेबांनी त्यांना बोलावलं त्या दिवशी मी खाली गाडीपाशी उभा होतो. हात लावला तर चटका बसेल असा पत्रा तापलेला. साहेब आले आणि मागं न बसता पुढं, माझ्या शेजारी बसले. असं कधी केलं नव्हतं.

"काय म्हणाले माहीत आहे का, माणदेशी? ही एक बँक दुखावली तर बाकीच्या बिचकतील, बेटाचं नुकसान होईल. तेव्हा लिहून द्या, चौकशी केली, काही आढळलं नाही. सही करा. नोकरीचा करार वाढवून देऊ."

"आन् न्हाई केली तर?"

"तर म्हणाले, लायसन तुमच्याच शिफारशीनं दिलं. आज सांगायला आलात, म्हणजे आजवर तुमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं ते काय?"

आबा, माझा हात चावीवर तसाच राहिला. तेच बोलणं. गोठ्यातनं आलेल्या त्या पलटणीतल्या माणसाचं. नुसतं इंग्रजीतून आलेलं. मला वाटलं आताच सांगावं यांना, ही गोष्ट पुढं कुठं जाते ते. घोडी कशी लादली, रान कसं मिळंना, घाट कसा लागला. पण साहेब समोर बघत होते आणि त्यांच्या मांडीवर कागदांची पिशवी होती. "चल," म्हणाले. मी निघालो.

मग काही दिवस तो सही करायचा कागद त्यांच्या पिशवीतच होता. सकाळी घेऊन निघायचे, तसाच परत आणायचे. भडंगाचा डबा उघडायचे नाहीत. संध्याकाळी घरी न जाता समुद्राच्या कडेनं गाडी फिरवायला सांगायचे. एकदा म्हणाले, "ते बांधाचं भांडण आठवतं रे. अशील खरं होतं. पण पुरावा नव्हता. न्यायाधीशांनी मला विचारलं, वकीलसाहेब, खरं आहे हे तुम्हाला कसं माहीत? मी काय सांगणार?" मी हूं म्हणालो. आतनं मात्र मला सारखं एकच वाटत होतं, साहेबांनी सही करावी. करून टाकावी. एक सही. गवंड्यालाही तेच हवं होतं, वरच्यालाही तेच, बँकेलाही तेच. हरभऱ्याचे शेंडे खुडल्यासारखे दिसतच होते. साहेब राहिले असते, मी राहिलो असतो, लाल दिव्यापाशी ओंजळ भरली असती. माझ्या बोलीत माझ्याशी बोलणारं दुसरं कोण होतं इथं?

सहीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी ऑफिसच्या फाटकात गाडी थांबवली तर ते उतरेनात. "काय करू रे?" म्हणाले. मला विचारलं, आबा. चौथी शिकलेल्या माणसाला. तेव्हा तुमचं नाव घेऊन मला काहीतरी बोलता आलं असतं, इकडचं किंवा तिकडचं. मी म्हणालो, "मला काय कळतंय साहेब." त्यांनी घोंगड्याची नीट घडी घालून बाजूला ठेवली आणि आत गेले. सही केली नाही त्यांनी.

बँक तशीच आहे. सकाळी ऊन पडलं की त्या निळ्या काचा डोळ्यांवर येतात. शुक्रवारी बॅगवाला येतो, गवंडी ओळीत उभा राहतो. परवा मला म्हणाला, "बगितलंस? काय सुदीक झालं न्हाई. उगं भ्या घालत हुतास." ते पैसे बुडतील की राहतील मला माहीत नाही. बुडू नयेत, एवढंच वाटतं. साहेबांचा करार वाढवला नाही. सामान जहाजानं गेलं, आणि आज दुपारच्या विमानानं ते गेले. उद्या या गाडीत दुसरे साहेब येणार आहेत. गाडीबरोबर मलाही त्यांच्याकडं दिलंय, कळपाबरोबर कुत्रं द्यावं तसं.

विमानतळावर मी पेटी उतरवून दिली. साहेबांनी राहिलेला भडंगाचा डबा माझ्या हातात ठेवला. आता सांगलीलाच निघालोय, ताजं मिळेल, म्हणाले. कोर्टात पुन्हा बसणार का विचारलं तर म्हणाले, "या वयात कोण वकीलपत्र देतंय? बघू. बांधाची भांडणं तर संपली नसतीलच." मग जायला वळले आणि थांबले.

"माणदेशी, त्या हरभऱ्याचं पुढं काय झालं रे? मालक काय म्हणाला तुझ्या बापाला? तू ते सांगितलंच नाहीस."

चष्मा हातात होता त्यांचा. बिनचष्म्याचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं. पंच्यानं पुसून पुसून मालकांचं झालं होतं तसं नव्हतं, तुमचं होतं तसंही नव्हतं. थकलेलं होतं, आणि उत्तराची वाट बघत होतं.

मी म्हणालो, "मालक हसलं साहेब. म्हनलं, हरभरा काय, परत फुटंल. आन् फुडच्या साली सवता सांगावा धाडून बोलावलं. म्हनलं, माज्या रानात बसंल तर ह्योच धनगर, दुसरा न्हाई."

"असं?" म्हणाले. आणि मग माझ्या खांद्यावर थोपटून, जसं काही मलाच धीर देत होते, "बघ!" एवढं बोलून आत गेले. काचेपल्याड दिसेनासे होईस्तोवर मी उभा होतो. पोलिसानं गाडी काढायला सांगितलं.

ऊन आता कलतंय. हे कागद कुठं टाकायचे? तुमचा पत्ता म्हणजे पाटणच्या अलीकडच्या एका रानाची कड. कुणाचं रान ते मला माहीत नाही, वर दगड नाही, आतापर्यंत कितीदा नांगर फिरला असेल. घोंगड्याच्या घडीत ठेवीन. नवे साहेब ते घोंगडं गाडीतून काढायला सांगतील, मग बघू.

तुमचं सांगितलेलं मी सगळीकडं पाळलं, आबा. ज्याच्या रानात बसलो त्याच्या कशाला शिवलो नाही. पण आज विमानतळावर तेवढं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही.